कोनसीमा : नारळाखालचा वायू, नारळाखालची माणसे

गोदावरी म्हटली की आपल्याला नाशिक आठवते. पंचवटी, काळाराम मंदिर आणि 2 मार्च 1930 रोजी तिथे सुरू झालेला सत्याग्रह. मराठवाड्यातील वाचकांना पैठण आठवेल, नांदेड आठवेल. पण नांदेडच्या पुढे ही नदी कुठे जाते, समुद्राला कुठे मिळते आणि तिथे आपल्यासारखी माणसे कशी राहतात, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. सुमारे 1465 किलोमीटर वाहत जाऊन ती आंध्र प्रदेशात ज्या भागात बंगालच्या उपसागराला मिळते, त्या भागाला कोनसीमा म्हणतात. नदीच्या फाट्यांनी आणि समुद्राने वेढलेला हा त्रिकोणी मुलूख. 2022 साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी त्या जिल्ह्याला ‘डॉ. बी. आर. आंबेडकर कोनसीमा’ असे नाव देण्यात आले.

2024 च्या डिसेंबरात मी आणि माझी पत्नी हा जिल्हा पाहून आलो. आदल्या वर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर, पुस्तकांच्या स्टॉलपाशी, तिकडचा एक तरुण भेटला होता. हैदराबादला शिकल्यामुळे हिंदी चांगली बोलणारा. “बाबाय, आमच्याकडे या. बाबासाहेबांच्या नावाचा जिल्हा आहे, जुना स्तूपही आहे,” असे त्याने फार आग्रहाने सांगितले. तेलुगूत काकाला बाबाय आणि काकूला पिन्नी म्हणतात. पत्नीला पिन्नी म्हणून हाक मारल्यावर तर आमचे जाणे नक्कीच झाले. जिल्हा आणि स्तूप पाहावा म्हणून आम्ही गेलो होतो. परत आलो ते मात्र जमिनीखालच्या वायूची गोष्ट घेऊन. तीच इथे सांगायची आहे.

मुंबईहून कोणार्क एक्सप्रेस पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा करीत जाते. राजमहेंद्री येण्याआधी गाडी गोदावरीवरच्या पावणेतीन किलोमीटर लांबीच्या पुलावर चढते. नाशिकला रामकुंडाशी पाहिलेली नदी ही हीच, हे पटत नाही. पाण्याचा दुसरा काठ दिसेपर्यंत डब्यातल्या म्हाताऱ्या बायका नाणी टाकून मोकळ्या झाल्या होत्या. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटन याने 1847 ते 1852 या काळात बंधारा बांधला, कालवे काढले आणि हा दुष्काळी मुलूख भाताचे कोठार झाला. गावोगाव कॉटनचे पुतळे आहेत. तिथली माणसे त्याचे नाव आजही आदराने घेतात.

राजमहेंद्रीहून अमलापुरमला बसने जायचे. रस्त्याच्या एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला नारळ. नारळाच्या मागे केळी, केळीच्या मागे भातखाचरे. पत्नी म्हणाली, कोकणात आल्यासारखे वाटते, फक्त डोंगर कुणीतरी उचलून नेलेत. खरेच, नजर पोहोचेल तिथवर जमीन सपाट आहे, आणि ती समुद्राच्या पाण्यापेक्षा फारशी उंच नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून वाचकांनी ध्यानात ठेवावी.

अमलापुरम हे जिल्ह्याचे ठाणे. अमलापुरमची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेचे पहिले दलित अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी इथलेच खासदार. 2002 साली हेलिकॉप्टर अपघातात ते गेले. जिल्ह्याला बाबासाहेबांचे नाव द्यायचे ठरले तेव्हा 24 मे 2022 रोजी याच गावात दंगल झाली. नावाला विरोध करणाऱ्या जमावाने एका दलित मंत्र्याचे आणि एका आमदाराचे घर पेटवले. गावात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. आपण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा काळ पाहिलेला आहे. त्यामुळे हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. नाव मात्र राहिले. बसस्थानकावरच्या पाटीवर ते वाचले तेव्हा पत्नीने हात जोडले.

त्या तरुणाचे घर तिथून पुढे, वैनतेया नावाच्या फाट्यापलीकडे, गावाबाहेरच्या वस्तीत. अशा वस्तीला तिकडे पेटा म्हणतात. आपल्याकडचा बौद्धवाडा जसा गावाच्या कडेला, तसाच हा पेटा. वस्तीत एक चर्च आहे आणि चर्चसमोर निळ्या कोटातला बाबासाहेबांचा पुतळा. कोनसीमेतील दलितांत ख्रिस्ती झालेले पुष्कळ आहेत. (बौद्धांना 1990 साली अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या मिळालेल्या नाहीत. म्हणून कागदावर एक आणि रविवारी दुसरे, अशी कुटुंबे तिकडे भेटतात. त्यावर आपण टीका करण्यात अर्थ नाही.) पेट्यातील बहुतेक कुटुंबे भूमिहीन आहेत. पुरुष नारळ पाडतात, बायका नारळ सोलतात, काथ्या काढतात, भातलावणी करतात. ज्या घरावर स्लॅब आहे, त्या घरातली बाई बहुधा कुवेतला किंवा मस्कतला घरकाम करून आलेली असते. आमच्या यजमानांची आई आठ वर्षे कुवेतला होती. ती अस्खलित हिंदी बोलते, आणि तीही तिथे केरळच्या आणि बिहारच्या बायकांकडून शिकलेली.

दुसऱ्या दिवशी आदुर्रूचा स्तूप पाहिला. वैनतेयेच्या काठी, मामिडिकुदुरू मंडलात हे गाव आहे. 1953 साली इथे उत्खनन झाले आणि विटांचा स्तूप सापडला. आता पुरातत्त्व खात्याचे कुंपण आहे. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा श्रीलंकेला जाताना इथे थांबली होती, असे स्थानिक लोक सांगतात. आम्ही मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटले. यजमानांचा शेजारी, जो ख्रिस्ती आहे, तोही शेजारी उभा राहून हात जोडून ऐकत होता. सांची-अजिंठ्याची सवय असलेल्याला इथे विटांचा ढिगारा दिसेल. पण आसपास कुणी नसताना, नारळाच्या झावळ्यांचा आवाज ऐकत तिथे तासभर बसायला मिळते, हे काही कमी नाही.

परतताना रस्त्याकडेला जमिनीत रोवलेले लहान पिवळे खांब दिसू लागले. शेतातून, बांधावरून, घरांच्या परसामागून. मी विचारले, हे काय? तरुण म्हणाला, “बाबाय, ह्याच्या खालून पाइप जातो. ह्या सगळ्याच्या खाली गॅस आहे.”

कृष्णा आणि गोदावरी यांच्या मुखांजवळच्या या पट्ट्यात जमिनीखाली दोन-तीन किलोमीटर आणि त्याहून खोल नैसर्गिक वायूचे साठे आहेत. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ, म्हणजे ओएनजीसी, अनेक दशकांपासून इथे विहिरी खोदत आहे. तातिपाका गावी 2001 साली सुरू झालेला छोटा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. समुद्रातल्या विहिरींचा वायू ओडलरेवू गावाजवळ किनाऱ्याला आणतात. सुरसानी यानम गावाला रव्वा नावाच्या तेलक्षेत्राचे ठाणे आहे. नारळाच्या बागेत मध्येच काटेरी तारेचे कुंपण, आत लोखंडी नळांचा गुंता, आणि एका उंच नळीच्या टोकाला दिवसरात्र जळणारी ज्योत. असे दृश्य तिथे ठिकठिकाणी दिसते. आपल्या उरणच्या वाचकांना ते ओळखीचे वाटेल. उरणच्या प्रकल्पात 3 सप्टेंबर 2019 रोजी आग लागून चार जण मेले, हेही त्यांच्या स्मरणात असेल.

घरातल्या भगिनींसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. आपल्या सिलिंडरमधला वायू आणि जमिनीतून निघणारा वायू एक नव्हे. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर जमिनीलगत साचतो. जमिनीतला वायू मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका आणि त्याला स्वतःचा वास नसतो. सिलिंडर गळल्यावर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, जीव वाचावा म्हणून. विहिरीतून निघालेल्या कच्च्या वायूत पाणी आणि तेलाचा अंशही असतो. तो काढून टाकला नाही तर पाइप आतून गंजतो. हा शेवटचा मुद्दा कोनसीमेत शास्त्राच्या पुस्तकात राहिलेला नाही. तो माणसांच्या अंगावर आलेला आहे.

पहिली मोठी गोष्ट 1995 सालची. 8 जानेवारी 1995 रोजी पासर्लपुडीजवळ खोदकाम चालू असलेल्या एका विहिरीतून वायू आवाक्याबाहेर उसळला आणि पेटला. ही आग 65 दिवस जळत होती. परदेशातून तज्ज्ञ आणावे लागले. 15 मार्चला ती विझली. आसपासच्या वस्त्या रिकाम्या केल्या होत्या. आमच्या यजमानांची आजी, जिला घरात सगळे नानम्मा म्हणतात, तेव्हा पन्नाशीच्या आत होती. तिने तेलुगूत सांगितले, नातवाने हिंदीत केले. ती म्हणाली, दोन महिने रात्रच झाली नाही. कोंबडे वेळीअवेळी आरवायचे. विमान डोक्यावर थांबून राहावे असा आवाज. तान्ही मुले झोपेनात. झावळ्या उन्हाने नव्हे तर आगीच्या धगीने वाळल्या. सरकारी शाळेत नेऊन ठेवले तेव्हा ज्यांच्या बागा होत्या त्यांची नावे आधी लिहिली गेली, कारण त्यांच्या झाडांचे नुकसान मोजता येत होते. “आमचे काय मोजणार?” असे म्हणून ती हसली. दोन महिन्यांची मजुरी बुडाली, ती कुठल्या रकान्यात लिहायची हे कारकुनाला माहीत नव्हते. 

1996 च्या नोव्हेंबरात चक्रीवादळ आले, त्यात या भागात शेकडो माणसे मेली आणि नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. नानम्माच्या बोलण्यात ही दोन संकटे एकमेकांत मिसळून जातात. आधी आग आली, मग पाणी आले, असे ती म्हणते. आगीनेच वादळ बोलावले असे वस्तीतील काही वृद्धांना वाटते. तसे शास्त्रात बसत नाही. पण दोन वर्षांत दोनदा घर सोडावे लागलेल्या माणसाला एवढे म्हणायची मुभा असावी.

दुसरी गोष्ट नगरमची. 27 जून 2014, पहाटेची वेळ. तातिपाक्याहून विजयवाड्याजवळच्या वीजप्रकल्पाकडे वायू नेणारा गेल कंपनीचा 18 इंची पाइप नगरम गावात फुटला. वायू पसरला आणि मग पेट घेतला. चहाच्या टपरीवर स्टोव्ह पेटवला गेला तेव्हा भडका उडाला, असे त्यावेळी वर्तमानपत्रांत आले होते. झोपेतली माणसे होरपळली. मृतांचा आकडा वीसच्या वर गेला. पुढे चौकशीत निघाले ते असे, की तो पाइप कोरड्या वायूसाठी होता आणि त्यातून पाणी व इतर अंश असलेला ओला वायू नेला जात होता. पाइप आतून गंजला होता. मृतांच्या कुटुंबांना कंपनी, राज्य आणि केंद्र मिळून 25 लाख रुपये जाहीर झाले.

आम्ही नगरमला गेलो. बाजारपेठ पुन्हा उभी आहे, दुकाने आहेत, शाळेला जाणारी मुले आहेत. नवख्याला काही कळणार नाही. आमच्याबरोबरच्या तरुणाने मात्र रिक्षा थांबवून दाखवले, इथून इथपर्यंत. मी चहा घेऊ या म्हणालो. तो म्हणाला, पुढच्या गावात घेऊ.

हे नगरम ज्या मामिडिकुदुरू मंडलात आहे, त्या मामिडिकुदुरूलाच 1911 साली बोई भीमन्ना जन्मले. तेलुगूतील थोर दलित कवी. त्यांच्या ज्या कवितासंग्रहाला 1975 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला त्याचे नाव ‘गुडिसेलु कालिपोतुन्नायि’, म्हणजे ‘झोपड्या जळत आहेत’. त्यांच्या डोळ्यांपुढे जातीची आग होती. त्यांच्याच जन्मगावाच्या शेजारी पुढे चाळीस वर्षांनी पाइपाची आग लागली. हे मला त्या तरुणानेच सांगितले. त्याच्या मोबाइलमध्ये भीमन्नांचा फोटो आहे.

आता एवढे वाचून कुणाला वाटेल की कोनसीमेतला माणूस वायूच्या नावाने बोटे मोडत असेल. तसे नाही. चार घरी बसलो तर चार प्रकारचे बोलणे ऐकले. एका नारळबागायतदाराने सांगितले की त्याच्या जमिनीचा तुकडा विहिरीसाठी भाड्याने गेला आहे, भाडे वेळेवर येते, नारळाचा भाव पडला तरी ते पडत नाही. त्याची तक्रार वेगळीच होती. पाइप गेलेल्या पट्ट्यावर झाड लावता येत नाही. ते खरे आहे. 1962 च्या पाइपलाइन कायद्याप्रमाणे जमीन मालकाचीच राहते, पण तिच्यावर घर बांधायचे नाही, झाड लावायचे नाही. त्याबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम आणि पिकाची नुकसानी मिळते. नारळाचे झाड पन्नास-साठ वर्षे पिकते. दहा टक्क्यांत ते कसे बसवायचे, असा त्याचा सवाल.

पेट्यातला एक जण वायूच्या ठाण्यावर कंत्राटी वॉचमन आहे. त्याला ठाणे हवे आहे. त्याचे म्हणणे, बंद पडले तर मला पुन्हा नारळावर चढावे लागेल, आणि माझा भाऊ झाडावरून पडूनच मेला. तो म्हणाला, बाहेरच्या राज्यांतून शिकलेले लोक येऊन आतली कामे करतात, आम्ही फाटकावर. आयटीआय झालेली आमची मुलेही फाटकावरच. फाटकापर्यंत आलो, आत कधी जाणार?

किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची गोष्ट आणखी वेगळी. समुद्रात पाइप टाकण्याच्या कामामुळे त्यांची मासेमारी बंद झाली, त्यांनी संघटना करून भांडण केले. 2023 साली त्यांच्या वीस हजारांहून जास्त कुटुंबांना दरमहा 11,500 रुपये या हिशेबाने भरपाई मिळाली. पेट्यातल्या बायकांनी आम्हाला हा आकडा न अडखळता सांगितला. त्यांच्या बोलण्यात मत्सर नव्हता. त्यांना फक्त एवढेच विचारायचे होते की नारळ सोलणाऱ्या बाईचा कामाचा दिवस गेला तर तो दिवस नव्हे काय.

बायकांच्या तक्रारी ऐकायला माझ्यापेक्षा पत्नीला जास्त मिळाल्या. रात्री ज्योतीचा उजेड घरात येतो म्हणून खिडकीला गोणपाट लावावे लागते. कालव्याच्या बांधावरचा रस्ता बैलगाडीसाठी केलेला, त्यावरून अवजड ट्रक जातात, पावसाळ्यात पोरांना शाळेत पाठवायची भीती वाटते. कधीकधी पेट्रोलसारखा वास येतो, फोन केला तर माणूस येतो, तपासून जातो, पण काय निघाले ते सांगत नाही. सगळ्यात जास्त चीड या शेवटच्या गोष्टीची. 2020 च्या फेब्रुवारीत उप्पूडी गावाजवळच्या विहिरीतून वायू सुटला तेव्हा लोकांना रातोरात हलवावे लागले. तेव्हापासून किती तरी घरांत कागदपत्रांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांची गुणपत्रके. आमच्या यजमानांच्या घरीही ती होती. आम्ही पाहुणे म्हणून तिच्यावर टॉवेल टाकला होता.

आणि एवढा वायू पायाखाली असताना त्या घरात भात शिजतो तो झावळ्यांवर आणि नारळाच्या सोडणांवर. सिलिंडर आहे, तो चहाला आणि पाहुण्यांना. नगरमनंतर नानम्मा पहाटे उजाडल्याखेरीज काडी ओढू देत नाही. सुनेला लवकर कामावर जायचे असले तरीही. यावरून घरात कुरबूर होते, पण म्हातारीचे चालते.

खरी भीती मात्र आगीची नाही, जमिनीची आहे. खालचा वायू काढून घेतल्यावर वरची जमीन खचते आणि समुद्र आत येतो, असे कोनसीमेत लहान पोरही सांगेल. अंतर्वेदीला किनारा खाल्ला जाताना लोक पाहतात. शंकरगुप्तम नाल्यातून खारे पाणी आत शिरते आणि नारळाचे शेंडे गळून नुसते खांब उभे राहतात, तेही पाहतात. यात तथ्य किती? जगातील 33 त्रिभुज प्रदेशांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. खचत चाललेल्या प्रदेशांत त्यात गोदावरीचे आणि कृष्णेचे मुख होते. खचण्याच्या कारणांत जमिनीखालचे पाणी, तेल आणि वायू काढणे हे एक कारण दिलेले आहे. दुसरे कारण वरच्या धरणांत गाळ अडकणे हे आहे. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातील संशोधकांनी गोदावरीच्या मुखाचा किनारा का झिजतो याचा शोध घेतला तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते धरणांवर. 1970 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत नदीतून समुद्रापर्यंत येणारा गाळ निम्म्याहून कमी झाला.

हे सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले. त्या धरणांपैकी एक आपले पैठणचे जायकवाडी आहे. आपल्या वाट्याच्या पाण्यासाठी आपण भांडतो आणि ते रास्तही आहे. पण जो गाळ वाहून खाली जायचा आणि कोनसीमेची जमीन दरवर्षी थोडी वर उचलायचा, तो आपल्याकडे तळाशी बसून आहे. त्या तरुणाने हे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “म्हणजे वरून तुम्ही अडवता आणि खालून ते काढतात.” मग आम्ही दोघेही हसलो, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. माझे मत विचाराल तर, किनारा खचण्याचा सगळा दोष वायूवर टाकणे बरोबर नाही, आणि सगळा दोष धरणांवर टाकून वायू काढणाऱ्यांना मोकळे सोडणेही बरोबर नाही. प्रत्येक विहिरीच्या आसपास जमीन किती खाली गेली हे मोजून गावाच्या चावडीवर लिहिले, तर निम्मे भांडण मिटेल. 2022 साली राष्ट्रीय हरित लवादाने या भागातील प्रदूषणाबद्दल ओएनजीसीला 22 कोटी 76 लाख रुपये भरायला सांगितले. एका स्थानिक माणसाच्या अर्जावर हे झाले. पेट्यात ही बातमी माहीत होती, आणि प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच केला की ते पैसे कुणाला.

पैशाचा हिशेब असा आहे. घटनेप्रमाणे तेल आणि वायू हा विषय केंद्राचा. नैसर्गिक वायूही त्यातच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली स्पष्ट केले. जमिनीवरच्या विहिरींची रॉयल्टी राज्य सरकारला मिळते, समुद्रातल्या विहिरींची केंद्राला. जमीनमालकाला भाडे मिळते. मच्छीमारांनी लढून मिळवले. ज्याच्या नावावर जमीनही नाही आणि होडीही नाही, त्याच्या नावाचा रकानाच नाही. पाइप फुटला तर तो जळतो, न फुटला तर त्याच्याशी कुणाचा संबंध नाही. कंपन्या सामाजिक निधीतून शाळेच्या खोल्या बांधतात, रस्ते करतात, पाण्याची टाकी देतात. ते आम्ही पाहिले, चांगले काम आहे. पण ते देणाऱ्याच्या मर्जीचे आहे, मागणाऱ्याच्या हक्काचे नाही.

शेवटच्या रात्री अंगणात बसलो असता मी आपल्या चंद्रपूरचे सांगितले. कोळशाच्या खाणी आहेत तिथे 2015 च्या कायद्यातील बदलानंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान झाले आहे. खाणवाल्यांनी रॉयल्टीखेरीज काही हिस्सा जिल्ह्यालाच द्यायचा आणि तो खाणबाधित लोकांसाठी खर्च व्हायचा, असा नियम आहे. (तो कसा खर्च होतो हे चंद्रपूरचे वाचक माझ्यापेक्षा चांगले सांगतील.) तरुण ताठ बसला. त्याला तो कायदा हवा होता. मी म्हणालो, पाठवतो.

मग त्याला बाबासाहेबांचीही एक गोष्ट सांगितली. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1943 च्या डिसेंबरात ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरून मजुरांची परिस्थिती पाहून आले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1944 मध्ये, कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि तो पैसा मजुरांची घरे, पाणी, दवाखाने, मुलांचे शिक्षण यावर खर्च करायचा. ब्रिटिशांच्या राज्यात, लढाई चालू असताना हे झाले. नातवाने नानम्माला ते तेलुगूत सांगितले. तिने मध्येच थांबवून काहीतरी विचारले. तो म्हणाला, “ती विचारते, त्यासाठी जमीन नावावर लागत होती का?”

लागत नव्हती, असे मी सांगितले.

घरी आल्यावर खनिज प्रतिष्ठानचा कायदा इंग्रजीत मिळवून पाठवला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. “बाबाय, हा आम्हाला चालत नाही. ह्यात खनिज तेल आणि गॅस बसत नाही, त्याचा कायदा वेगळा आहे.” त्याने तो बारकाईने वाचला होता. त्याचे म्हणणे बरोबर निघाले. मी काय बोलावे या विचारात असताना तोच म्हणाला, “1944 चा तो कागद मिळेल का? आम्हाला जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्यायचा आहे, त्याला जोडू.” तो अध्यादेश एका वकील मित्राच्या ओळखीने ग्रंथालयातून मिळाला. त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक अर्जाला आणि एक पेट्यातल्या वाचनालयाला. पत्नीने त्याच पाकिटात नानम्मासाठी बाबासाहेबांचा छोटा फोटो घातला, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवून दिले.